काळा टी-शर्ट आणि दुपारचं ऊन

मुंबईच्या मार्च महिन्यात दुपारी तीन वाजता, उघड्या मैदानावर, काळे कपडे घालून कुणी आपणहून जात नाही. पण ८ आणि ९ मार्च २०२५ या दोन दिवशी महालक्ष्मी स्टेशनातून उतरून रेसकोर्सकडे निघालेल्या गर्दीत काळ्याखेरीज दुसरा रंग शोधावा लागत होता. लोलापलूझा या संगीत महोत्सवाचं भारतातलं ते तिसरं वर्ष. ग्रीन डे हा कॅलिफोर्नियातला बँड पाहुण्यांच्या यादीत होता. त्यामुळे विशीतल्या पोरांच्या बरोबरीने चाळिशी ओलांडलेलेही बरेच जण आले होते. बहुतेकांचा वेश एकाच छापाचा: काळा टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, पायात कॅनव्हासचे नाहीतर घोट्याच्या वर जाणारे जाड कातडी बूट आणि कमरेला बाह्यांची गाठ मारून बांधलेला चौकडीचा शर्ट. हा शर्ट दिवसभरात कुणी अंगात घालत नाही. तो घामाने भिजतो, बसायला घेतला जातो आणि घरी जाऊन धुण्यात पडतो.

लग्नात काय नेसायचं, मुंजीत काय, सत्यनारायणाला काय, हे आपल्याकडे ठरलेलं असतं आणि कुणाला त्यावर फार डोकं चालवावं लागत नाही. इंडी किंवा आल्टरनेटिव्ह रॉकच्या गिगला निघालेल्या मुलीला मात्र कपाटासमोर तासभर लागतो, कारण तिला मुद्दाम काही घातलंय असं दिसता कामा नये. आई विचारते, "अगं, हे फाटकं काय घातलंस?" मुलगी म्हणते, "असंच असतं गं ते." दोघींचंही बरोबर आहे. ते असंच असतं, पण ते असं कसं झालं, हे कळलं तर कपाटासमोरचा वेळ निम्म्याने कमी होईल, असं माझं मत आहे. म्हणून त्या चौकडीच्या शर्टापासूनच सुरुवात करू.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. पाऊस आणि थंडी भरपूर, जंगल त्याहून भरपूर. ॲबर्डीन हे तिथलं लाकूडतोडीवर जगणारं छोटं गाव. तिथल्या कामगारांच्या अंगात जाड, उबदार, चौकडीच्या फ्लॅनेलचा शर्ट असायचा, कारण तो ऊब द्यायचा, टिकायचा आणि स्वस्त मिळायचा. वापरलेले कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानांत तर तो मातीमोल भावाने पडलेला असायचा. कर्ट कोबेन याच ॲबर्डीनचा. जवळ पैसे नव्हते, थंडी होती आणि अंगकाठी इतकी किरकोळ होती की ती झाकायला तो कपड्यांवर कपडे चढवत असे. निर्वाणा या त्याच्या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१मध्ये आला आणि जानेवारी १९९२मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गाणी घराघरांत पोचली आणि त्यांच्याबरोबर शर्टही पोचला.

पुढची गंमत जास्त रंगतदार आहे. १५ नोव्हेंबर १९९२च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल शहराच्या या नव्या लाटेवर मोठा लेख छापला आणि सोबत एक चौकट दिली. ही पोरं आपसांत कुठली बोली बोलतात, तिचा शब्दकोशच. फाटक्या जीन्सला काय म्हणतात, जाड लोकरी स्वेटरांना काय म्हणतात, सगळं त्यात होतं. ही माहिती पुरवली होती मेगन जॅस्पर या तरुणीने. ती आधी सब पॉप या सिएटलच्या रेकॉर्ड कंपनीत रिसेप्शनिस्ट होती. वार्ताहराचा फोन आला तेव्हा तिने एकेक शब्द जागच्या जागी रचून सांगितला आणि न्यूयॉर्कच्या त्या भारदस्त पेपराने तो जसाच्या तसा छापला. थाप पुढच्या वर्षी ‘द बॅफलर’ या नियतकालिकाने उघडकीस आणली. जॅस्परबाई पुढे त्याच सब पॉपच्या प्रमुख झाल्या.

त्याच नोव्हेंबरात मार्क जेकब्स या तरुण फॅशन डिझायनरने पेरी एलिस या प्रतिष्ठित घराण्यासाठी न्यूयॉर्कच्या रॅम्पवर याच कपड्यांची मालिका उतरवली. फुटपाथवर दोन डॉलरला घेतलेल्या फ्लॅनेलच्या शर्टाची चौकडी त्याने रेशमावर छापून घेतली. समीक्षकांनी धुऊन काढलं, धंदा बुडाला आणि जेकब्सची नोकरी गेली. नमुन्याचे कपडे कोबेन आणि त्याची बायको कोर्टनी लव्ह यांच्याकडे पाठवले होते. ते आपण दोघांनी जाळून टाकले, असं लव्हने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. जेकब्सने मात्र चिकाटी सोडली नाही. २०१८मध्ये त्याने तीच मालिका पुन्हा बाजारात आणली आणि त्याच वर्षअखेरीस निर्वाणाच्या कंपनीने आपल्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रावरून त्याच्यावर दावा ठोकला.

कोबेनचा हिरवट रंगाचा एक जुना स्वेटर होता. नोव्हेंबर १९९३मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात तो हा स्वेटर घालून बसला होता. मोहेर आणि कृत्रिम धाग्यांची वीण, एक बटण गायब, सिगारेटने पडलेलं भोक, आणि कधी धुतलेलाही नाही. ऑक्टोबर २०१९च्या लिलावात तो ३ लाख ३४ हजार डॉलरला गेला. त्या वेळच्या हिशोबाने सव्वादोन कोटी रुपयांहून जास्त. घेणाऱ्यानेही तो धुतला नसणार, डाग गेले तर किंमत जाते.

तर मूळ मुद्दा असा. सिएटलच्या पोरांनी जे घातलं ते हवेला धरून होतं, खिशाला धरून होतं आणि गावात जे मिळत होतं तेच होतं. इंग्लंडातही काही वेगळं झालं नाही. मँचेस्टर हे गिरण्यांचं आणि पावसाचं शहर. तिथल्या बँडांनी टोपीवाला पार्का आणि कापडी गोल टोपी प्रसिद्ध केली. स्टोन रोझेसचा ड्रमर रेनी ही टोपी घालायचा. २०२५ साली ओएसिसचे भांडखोर भाऊ पुन्हा एकत्र आले तेव्हा स्टेडियमच्या स्टेडियम याच टोप्यांनी भरून गेली. पावसात टोपी घालायला कुणी तत्त्वज्ञान लागत नाही. आपण मात्र त्यांचं कारण तिकडेच ठेवलं आणि कपडा तेवढा इकडे आणला. महालक्ष्मीच्या मार्चमध्ये कमरेला फ्लॅनेल बांधणारा कोबेनची नक्कल करत नाही, मार्क जेकब्सची करतो.

आता काळा टी-शर्ट. तो थोडा जवळून पाहण्यासारखा आहे.

पुण्यात डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये, मुंबईत आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर, कुठल्याही तीन दुकानांत विचारा, काळ्या कापडावर पांढऱ्या नागमोडी रेघांचा टी-शर्ट मिळेल. शब्द एक नाही, नुसत्या रेघा. एकीखाली एक, मधोमध डोंगरांच्या सुळक्यांसारख्या उसळलेल्या. हे जॉय डिव्हिजन या मँचेस्टरजवळच्या बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ या १९७९च्या अल्बमचं मुखपृष्ठ. त्या रेघा म्हणजे आकाशातल्या एका ताऱ्याची नाडी आहे. केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने १९६७ साली पहिला पल्सार शोधला. हा तारा दर १.३ सेकंदांनी रेडिओलहरींचा एक ठोका देतो. हॅरल्ड क्राफ्ट या अमेरिकन संशोधकाने आपल्या १९७०च्या प्रबंधात या ठोक्यांचे आलेख एकाखाली एक रचले. तो आलेख पुढे एका खगोलविज्ञानाच्या कोशात आला, बँडच्या बर्नार्ड सम्नरच्या नजरेला पडला आणि पीटर सॅव्हिल या डिझायनरने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. २०१२मध्ये डिस्नेने याच रेघांना मिकी माऊसचे कान लावून टी-शर्ट काढला आणि बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतला.

हा टी-शर्ट घालून पुण्यातल्या गिगला जाणाऱ्या मुलामुलींना सांगायला हवं, की ज्या जातीच्या ताऱ्याची नाडी तुमच्या छातीवर आहे, त्याच जातीचे तारे नारायणगावजवळ खोडदला रोज ऐकले जातात. पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. पल्सार हा तिथल्या कामातला मोठा विषय. फुटपाथवर अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या नकली टी-शर्टाला इतकं जवळचं नातेवाईक दुसऱ्या कुठल्या गावी नसेल.

आता टी-शर्ट हातात घेऊन पाहा. नकली टी-शर्टावरच्या छपाईवरून बोट फिरवलं की रबरासारखा थर लागतो. ही प्लास्टिसॉलची शाई. ती धाग्यात मुरत नाही, वर बसते. तिला पक्कं करायला साधारण १६० अंशांची उष्णता लागते. घाईत भट्टीतून नीट न काढलेला माल असला, की चार धुण्यांत रेघांना भेगा पडतात. चांगल्या छपाईत पाण्याची शाई वापरतात. ती धाग्यात शिरते, हाताला लागत नाही आणि मुख्य म्हणजे छातीवर प्लास्टिकची पाटी बांधल्यासारखा घाम कोंडत नाही. कापड बहुधा तिरुप्पूरचं, सुती होजिअरी. चौरस मीटरला १८० ग्रॅम म्हणजे मध्यम, २४०चा जाड. हल्ली सैल आणि जाड टी-शर्टाची फॅशन आहे, दुकानदार त्याला दर्जा म्हणून खपवतात. मुंबईत १८० पुष्कळ झाला. उलटा करून थंड पाण्यात धुवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका.

कुठल्या बँडचा टी-शर्ट घालायचा, यावरही एक अलिखित नियम आहे: ज्यांना ऐकायला निघालात त्यांचाच घालून जायचं नाही. १९९४च्या ‘पीसीयू’ या अमेरिकन विनोदी सिनेमात एक पात्र दुसऱ्याला यावरून झापतं आणि तेव्हापासून हा नियम वेदवाक्य झाला. त्यामागचं गणित असं, की त्या बँडचा टी-शर्ट म्हणजे तुम्ही नवखे. त्यांच्या गावातल्या, त्यांच्याआधीच्या, कुणाला फारशा माहीत नसलेल्या बँडचा घातलात तर तुम्ही जाणकार. कोबेननेही हा खेळ केला होता. त्याने डॅनियल जॉन्स्टन या घरच्या घरी कॅसेटवर गाणी भरणाऱ्या, जवळपास अज्ञात गायकाचा टी-शर्ट घालून फोटो काढून घेतले आणि जॉन्स्टनला मोठी कंपनी करार द्यायला आली. फरक एवढाच, की कोबेनने स्वतःच्या प्रसिद्धीतला वाटा दुसऱ्याला दिला. आपल्याकडे हा नियम बहुधा दुसऱ्याला खाली ओढायला वापरतात. मला विचाराल तर हा नियम खुशाल मोडावा. पंढरीला निघालेल्याने विठ्ठलाचा बिल्ला लावू नये, असं कुणी म्हणत नाही.

त्यातही जाच मुलींना जास्त. मुलाच्या अंगावरचा टी-शर्ट कुणी तपासत नाही. मुलीला मात्र रांगेतला कुणी अनोळखी शहाणा विचारतो, "यांची तीन गाणी सांग बरं." हा प्रकार जगभर चालतो आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सिएटलच्या दक्षिणेला ऑलिंपिया या गावात मुलींच्या बँडांची चळवळ उभी राहिली. बिकिनी किल या बँडची कॅथलीन हॅना कार्यक्रम थांबवून मुलींना पुढे बोलवायची आणि मुलांना मागे जायला सांगायची, कारण स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत बायकांना उभं राहता येत नसे. ती मार्करने स्वतःच्या अंगावर शब्द लिहून गायची. कॅट ब्येलँड आणि कोर्टनी लव्ह लहान मुलींचे असावेत तसे झालरीचे फ्रॉक आणि त्याखाली लष्करी बूट घालून किंचाळायच्या. फ्रॉक घातलेली मुलगी गोड असते, असं समजणाऱ्याच्या तोंडावर तो फ्रॉक मारलेला होता. आज ऑनलाइन दुकानांत तो फ्रॉक नुसता गोड म्हणून विकला जातो.

आपल्या गावात रॉकच्या या वेशाची गोष्ट कधी सुरू झाली? मुंबईपुरतं बोलायचं तर धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजाच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. १९७८पासून जॅझ यात्रा तिथे भरली आणि १९८६मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉकही बरीच वर्षं तिथेच रंगला. काळा टी-शर्ट हा मुंबईच्या रॉकचा गणवेश झाला तो तिथेच. कॉलेजची पोरं, बांद्र्याचे, डोंबिवलीचे, वसईचे, हार्बर लायनीने येणारे. परदेशी बँडचा खरा टी-शर्ट मिळणं अशक्य. कुणाचा तरी मामा गल्फहून किंवा जहाजावरून आणायचा आणि तो टी-शर्ट मित्रमंडळीत फिरायचा. बाकीचे फॅब्रिक पेंटने स्वतः नाव रंगवायचे. त्या रंगवण्यात अक्षर चुकायचं, पण तो टी-शर्ट जगात एकच असायचा. परिसरात हॉस्पिटलं आणि कॉलेजं, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातला रॉकचा आवाज बंद झाला.

पुढे २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झालं. २०१६पर्यंत ते मुंबईच्या स्वतंत्र संगीताचं घर होतं. तिथे जाणाऱ्या पोरांना पत्ता सांगताना ‘मिल कंपाउंड’ एवढंच माहीत असायचं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यातली बरीच परत कामावर गेलीच नाहीत. ज्या गिरणगावात मुंबईचा सुती कपडा विणला जायचा, त्याच गिरणगावात तिरुप्पूरच्या कापडाचे टी-शर्ट घालून आपण गिटार ऐकत होतो. मला या गोष्टीची टोचणी तिथे असताना कधी लागली नाही, बाहेर पडून स्टेशनाकडे चालताना गिरणीची उंच चिमणी दिसली की लागायची.

गाव आणि हवा धरून कपडे करण्याचं आपल्याकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे रघू दीक्षित. म्हैसूरचा हा गायक रंगीबेरंगी लुंगी नेसून, पायांत घुंगरू बांधून रॉकच्या स्टेजवर उभा राहतो. २०११मध्ये तो इंग्लंडच्या ग्लास्टनबरीलाही याच वेशात गेला. ग्लास्टनबरी म्हणजे चिखल. तिथले लोक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालतात, तेही शेतावरचे. लुंगीत वारा खेळतो, पाय मोकळे राहतात, धुवायला सोपी. कोबेन मुंबईच्या उपनगरात जन्मला असता, तर त्याने असलंच काहीतरी घातलं असतं असं मला वाटतं. प्रेक्षकांत मात्र लुंगी अजून दिसत नाही. मुली आता जुन्या सुती साड्यांचे शर्ट, आजोबांचे मांजरपाटाचे सदरे, इकतचे जॅकेट घालून येऊ लागल्या आहेत. हे चांगलं चाललं आहे. पोरं अजून काळ्यातच अडकली आहेत.

आपल्या महोत्सवांच्या वेशाला आणखी एक कारण आहे, ते कायद्याचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस, पंधरापर्यंत, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे आठदहा बँड ऐकवायचे तर कार्यक्रम दुपारीच सुरू करावा लागतो. आपण टळटळीत उन्हात पोचतो आणि रात्री निघतो. एकाच कपड्यावर दोन ऋतू काढायचे असतात.

पुणेकरांना हे सांगायला नको. पुण्यात हिवाळ्याच्या सुमारास दोन गर्दी जमायच्या. एक सवाई गंधर्वला, १९५३पासून. दुसरी, २०१०पासून कित्येक वर्षं, एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाला. सवाई पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेच्या रागांनी संपायचा, तोही याच नियमाने आवरता झाला. दोन्हीकडच्या माणसांचे कपडे न्याहाळले तर कारागिरी सारखीच दिसते. सवाईला नारायणपेठी, खणाचा ब्लाउज, वरून शाल, पुरुषांच्या अंगात खादीचा झब्बा आणि बंडी, बसायला सतरंजी, पिशवीत मफलर आणि थर्मास. तिथेही कुणी नटून आलं असं दिसायचं नसतं, पण शाल कुठली हे बघितलं जातंच. फरक इतकाच, की सवाईकरांना रात्री गारठतं हे ठाऊक असतं. डिसेंबरात पुण्याचा पारा दुपारी तिशीच्या आसपास आणि रात्री बारा-तेरावर येतो. वीकेंडरला बिनबाह्यांच्या टी-शर्टातली पोरं साडेआठनंतर दात वाजवत मित्राची चादर शोधायची. कमरेला बांधलेला तो चौकडीचा शर्ट खरा उपयोगी पडतो तो इथे, पुण्याच्या डिसेंबरात. मुंबईच्या मार्चमध्ये नाही.

काळ्या रंगाबद्दल एक बाजू न्यायाने सांगायला हवी. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८०मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरं, पण झगा सैल असला तर ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचत नाही, आतली हवा वर जाते आणि ती घेऊन निघते. म्हणजे काळा चालेल, पण घोळदार. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट आणि मांडीला आवळलेली काळी जीन्स यांना ही सवलत नाही. शिवाय मुंबईत वाळवंटासारखी कोरडी हवा नाही, घाम सहज वाळत नाही. त्यामुळे सुती, सैल आणि बदलायला दुसरा एक जवळ.

बुटांबाबत माझं मत ठाम आहे: बोटं झाकलेली हवीत. कोल्हापुरी कितीही शोभली तरी नाही. मैदानात सहा-सात तास उभं राहायचं असतं, धूळ असते, आणि स्टेजजवळ मोशपिट झाला, म्हणजे पोरं गोल करून एकमेकांवर आदळू लागली, तर कुणाच्या तरी जाड बुटाखाली पाय येतोच. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. डॉक मार्टेन्सचा तो प्रसिद्ध आठ भोकांचा बूट १ एप्रिल १९६०ला निघाला. त्याचं नाव १४६० हे त्या तारखेवरूनच आलं. तो कामगारांसाठी होता. पोस्टमन आणि कारखान्यातली माणसं ते घालत, मग द हूच्या पीट टाउनशेंडने घातले. पण नवा जोड पायाला बसेपर्यंत टाचेची सालं निघतात, हे त्या कामगारांनाही ठाऊक होतं.

कानात काय घालायचं, याचा विचार कुणी करत नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था सांगते, की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला तर चालतो. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. स्पीकरच्या भिंतीसमोर शंभर सहज होतात. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे शंभर रुपयांच्या आत येतात. गाणी कळतील असे, सर्व सूर सारखे कमी करणारे प्लग हजाराच्या पुढे. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजली, तर ती कौतुकाने सांगण्याची गोष्ट नाही.

बॅगेबद्दल थोडक्यात. तिकिटावर आत काय चालेल ते लिहिलेलं असतं, वाचा. पॉवरबँक, अत्तर, छत्री, लायटर बहुतेक ठिकाणी दारातच काढून घेतात. मुलींच्या जीन्सला शिवणारे अजून खिसे का देत नाहीत हे कोडं आहे, त्यामुळे छोटी आडवी पिशवी घ्यावीच, चेन पुढच्या बाजूला. स्कर्ट असेल तर आत सायकलिंग शॉर्ट्स. घरी परत येताना शेवटची लोकल, रिक्षाची रांग आणि सोसायटीचा वॉचमन हेही त्या कपड्यातच गाठायचे असतात. वरून घालायला एक साधा शर्ट पिशवीत असला, तर कुणाला काही समजावत बसावं लागत नाही. मुलींनी कसं वागावं याबद्दल हा उपदेश नाही. रात्री अकराला महालक्ष्मी स्टेशनवर काय असतं, एवढंच सांगतो आहे.

शेवटी पैशांचं. गिग संपली की बाहेर पडण्याच्या वाटेवर, कधी बारच्या कोपऱ्यात, एक घडीचं टेबल असतं. त्यावर बँडचे टी-शर्ट, स्टिकर, कधी एखादी कॅसेट. परदेशात हे टेबल लावू देण्यासाठी सभागृहं विक्रीतला वीस-पंचवीस टक्के वाटा मागतात. त्याविरुद्ध ब्रिटनमधल्या फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलावंतांच्या संघटनेने जानेवारी २०२२मध्ये काहीच वाटा न घेणाऱ्या सभागृहांची यादीच प्रसिद्ध केली. लहान बँडला ऑनलाइन गाणी ऐकवून मिळतं ते नगण्य असतं. टेबलावरच्या एका टी-शर्टातून जे हातात पडतं, ते फोनवर शेकडो वेळा गाणं वाजवूनही पडत नाही. हे टेबल बहुधा ड्रमरची बहीण नाहीतर मॅनेजर सांभाळत असतो, आणि मधल्या मापाचे टी-शर्ट आधी संपतात.

तेव्हा घरातून निघताना कपाटात बँडचा टी-शर्ट नसला तर बिनधास्त साध्या सुती शर्टात जा. आवडला बँड तर त्यांचा टी-शर्ट तिथेच, त्यांच्याच टेबलावरून घ्या. फुटपाथवरचा स्वस्त पडतो, पण त्यातला एक रुपयाही गाणाऱ्यापर्यंत जात नाही. रात्री दहाला स्पीकर बंद होतात, टेबल साधारण साडेदहापर्यंत चालू असतं.